बादलीतला आहेर

«ताई, मी डोंबिवलीला राहते, वय २९, एका खासगी शाळेत शिकवते. आम्हा सहा जणींचा कॉलेजपासूनचा ग्रुप आहे. त्यातल्या एकीनं बदलापूरला फ्लॅट घेतलाय, पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे. उरलेल्या पाच जणींनी मिळून वॉटर प्युरिफायर द्यायचा, प्रत्येकी अडीच हजार काढायचे, असं ग्रुपवर ठरतंय. दोघींनी लगेच अंगठे टाकले. मी ब्लू टिक बंद करून मेसेज वाचलाच नाही असं दाखवतेय, कारण मला ते झेपणारं नाही. घरी वडिलांची औषधं चालू आहेत. त्यात त्याच आठवड्यात ग्रुपमधली आणखी एक मैत्रीण डोंबिवलीतलं भाड्याचं घर सोडून ठाकुर्लीला दुसऱ्या भाड्याच्या घरात जातेय. तिला कुणी काही देणार नाही, भाड्याच्या घराला कसली आलीय वास्तुशांत! मला दोघींनाही काहीतरी द्यायचंय. दोघींचं मिळून हजाराच्या वर जमणार नाही. काय देऊ? आणि ग्रुपला काय सांगू?» – एक कानकोंडी मैत्रीण

अगं मुली, आधी ती ब्लू टिक चालू कर. मेसेज न वाचल्याचं सोंग दोन दिवस टिकतं. तिसऱ्या दिवशी फोन येतो आणि घाईघाईत आपल्या तोंडून ‘हो’ निघून जातं. हे मी स्वतःवरून सांगतेय. तेव्हा जिनं वर्गणीची टूम काढली तिला तूच फोन लाव. ग्रुपवर लिहू नकोस, तिथं एकीनं नाही म्हटलं की उरलेल्या सगळ्यांना त्यावर बोलावंसं वाटतं. फोनवर सांगायचं, "अगं, प्युरिफायरमध्ये मला धरू नकोस, मी माझं वेगळं आणतेय." एवढंच. वडिलांची औषधं, शाळेतला पगार, यातलं काही काढू नकोस. आपण कारण दिलं की समोरची ते सोडवायला बसते. ‘मग तू हजारच दे’, ‘मी भरते, तू सावकाश दे’ सुरू होतं, आणि मग तुला नाही म्हणायला तोंडच उरत नाही. कार्डावर तुझं नाव नसेल, तर नसेल. वास्तुशांतीच्या गडबडीत कार्डं वाचायला वेळ कुणाला असतो?

पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती तुझ्या आली की नाही माहीत नाही. घर बदलणारी दुसरी मैत्रीण त्याच ग्रुपमधली. म्हणजे त्या अडीच हजारांत तिलाही धरलंय. त्याच महिन्यात तिला नवं डिपॉझिट भरायचंय, दलालाला एका महिन्याचं भाडं द्यायचंय, टेम्पो आणि हमाल वेगळेच. जुन्या घरमालकाकडून डिपॉझिट परत यायचंय ते ‘रंगाचे कापून’ कधी येईल तेव्हा येईल. ती ग्रुपवर काही बोलली नसेल. तू पहिली नाही म्हटलंस तर तिलाही नाही म्हणायची वाट मोकळी होईल. त्यामुळे फोन आजच कर.

आता प्युरिफायरचं. तो माझा विषय नाही, पण राहवत नाही. बदलापूरच्या त्या मैत्रिणीला कुणी विचारलंय का, की तुला हा हवाय का? ओट्याजवळ नळाची जोडणी आहे का, प्लगचा पॉइंट आहे का, का तिच्या सासऱ्यांनी आधीच एक बुक केलाय? दुकानदार आरओच, म्हणजे पाण्यातले क्षारही काढणारा प्युरिफायरच, गळ्यात मारतात. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओची तशी गरज नसते, आणि तो जितकं पाणी शुद्ध करतो त्याहून जास्त मोरीत सोडतो. नगरपालिकेचं नदीचं पाणी बहुधा त्या मर्यादेच्या आतच असतं. टँकरचं किंवा बोअरचं असेल तर गोष्ट निराळी. वर्गणी काढणारीला फोनवर जाता जाता एवढं विचार, की सोसायटीला पाणी कुठलं येतं? तिनं एक फोन करून चौकशी केली तरी चार जणींचे पैसे मार्गी लागतील.

तुला काय द्यायचं ते सांगते, पण आधी माझ्या घराची गोष्ट ऐक. १९९३ साली आम्ही गिरगावातल्या चाळीतून बोरिवलीला गेलो. वास्तुशांतीला सव्वाशे पानं उठली. संध्याकाळी आहेर मांडून बघितला तर सात भिंतीवरची घड्याळं, पाच लेमन सेट, नऊ गणपती. गणपतीचं तर काही करताच येत नाही, कुणाला देताही येत नाही आणि माळ्यावर टाकताना हात धजत नाही. लेमन सेटमधला एक आम्ही पुढं कुणाच्या तरी लग्नात दिला आणि चार वर्षांनी माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात तो आमच्याच घरी परत आला. खोक्याच्या आतल्या बाजूला माझ्या मुलानं पेनानं काढलेली आगगाडी होती, त्यावरून ओळखला.

वास्तुशांत झाली ती दिवसाउजेडी. प्रत्यक्ष सामान हललं ते आठ दिवसांनी. गिरगावातून टेम्पो निघायला संध्याकाळ झाली, बोरिवलीला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. दार उघडलं आणि बटण दाबलं तर काही नाही. पुन्हा दाबलं. बिल्डरनं सगळीकडं होल्डर लावले होते, बल्ब एकातही नव्हता. वास्तुशांतीच्या दिवशी खिडक्यांतून ऊन येत होतं, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सासूबाई अंधारात गुंडाळलेल्या गादीवर बसून राहिल्या. घरात सात घड्याळं होती आणि किती वाजले ते कुणाला दिसत नव्हतं. नऊच्या सुमाराला माझी एक कॉलेजची मैत्रीण आली. ती कांदिवलीला राहायची. तिच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत दोन बल्ब, मेणबत्त्यांचा पुडा, काडेपेटी, पिवळ्या मुठीचा एक टेस्टर आणि डब्यात दशम्या नि शेंगदाण्याची चटणी. तिचं वर्षभरापूर्वीच घर बदलून झालेलं, त्यामुळे तिला माहीत होतं. वास्तुशांतीला ती हात हलवतच आली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ते तेव्हा खटकलं होतं. त्या नऊ गणपतींपैकी कुठला कुणी दिला ते आज आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही. टेस्टर अजून ड्रॉवरमध्ये आहे. मूठ तडकलीय, दिवा लागतो.

म्हणून माझा पहिला सल्ला वस्तूचा नाही, दिवसाचा आहे. पूजेच्या दिवशी त्या घरात सगळं असतं. माणसं, जेवण, फुलं, मिठाई, दोन-तीन तुळशीसुद्धा. टेम्पो येतो त्या दिवशी काहीच नसतं, आणि असतं ते खोक्यात असतं. शंभर रुपयांची वस्तू त्या दिवशी पोहोचली तर हजाराच्या वरचं काम करून जाते. ठाकुर्लीवाल्या मैत्रिणीकडे तू त्याच दिवशी जा.

आणि तिला बादली दे. हसू नकोस. नव्या बाथरूममध्ये पहिल्या संध्याकाळी बादली नि टमरेल नसलं की किती हाल होतात ते घर बदललेल्या कुणालाही विचार. जुनी बादली असते, पण तिच्यात कुणीतरी चपला नाहीतर कुंड्या भरलेल्या असतात. चांगल्या प्लास्टिकची झाकणाची बादली घे, दीडशेच्या आसपास मिळते. रंगीत कागद, रिबीन हे काही लागत नाही, बादली हेच वेष्टण. त्यात टमरेल, एक नऊ वॅटचा एलईडी बल्ब, एक टेस्टर. बल्ब पिनचा घ्यायचा का आट्यांचा ते आधी तिला विचार. आपल्याकडे बहुतेक पिनचेच होल्डर असतात, पण नव्या इमारतींत हल्ली काहीही निघतं. पुठ्ठ्याची खोकी उघडायला एक कटर टाक. सगळे चाकू खोक्यात असतात आणि खोकं उघडायला चाकू लागतो, ही गंमत दर वेळी होते. सुतळीचा गुंडा, दोन जुन्या सुती साडीची फडकी, भांडी घासायची घासणी आणि साबणाची वडी, कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या. काडेपेटी विसरू नकोस, लायटर पहिल्या दिवशी कधीच सापडत नाही. फडकी घरचीच काढलीस तर सगळं मिळून चारशे ते साडेचारशेत बसेल.

जेवण तू घरून करून ने. गॅसचं काही खरं नसतं. सिलिंडर आला तरी शेगडीची नळी जोडून कुणी दिलेली नसते आणि एजन्सी बदलायची असेल तर आणखी दोन दिवस जातात. रस्सा, आमटी असलं काही नको, ताटवाट्या बाहेर आलेल्या नसतात. दशम्या, धपाटे, मेथीच्या पुऱ्या, कोरडी चटणी, गुळाचा खडा, असं हातावर घेऊन उभ्या उभ्या खाता येईल ते. डबा स्टीलचा असू दे. तो ती परत आणून देईल तेव्हा साखर घालूनच देईल, म्हणजे महिन्याभरात भेट ठरलेलीच.

तू जवळच राहतेस, म्हणून आणखी एक काम सांगते. त्याला एक पैसा लागत नाही. तिच्या जाण्याआधीच्या रविवारी ठाकुर्लीला एक चक्कर मार. त्या इमारतीच्या वॉचमनशी आणि खालच्या वाण्याशी पाच मिनिटं बोल. दूध कोण टाकतं, इस्त्रीवाला कधी येतो, नळाला पाणी किती वाजता येतं, प्लंबर कोण, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं मेडिकल कुठलं. हे एका जाड कागदावर ठळक अक्षरांत लिहून काढ. खाली तीन नंबर लाल पेननं लिही, गॅसगळतीसाठी १९०६, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही संकटात ११२. कागद बादलीत वरच ठेव. पाण्याची वेळ एवढी एकच ओळ कळायला नव्या माणसाचे चार दिवस जातात, आणि ते चार दिवस आंघोळीचे असतात.

‘मदतीला येऊ का?’ असं मात्र विचारू नकोस. ‘नको गं, होईल’ हे उत्तर ठरलेलं आहे. ‘शनिवारी चार ते सहा मी तिथं आहे’ असं सांगून टाक. गेल्यावर पहिल्यांदा गाद्या अंथरण्यापुरती जागा कर, मग बाथरूम, मग चहाचं सामान. पेपरात गुंडाळलेली काचेची भांडी सगळ्यात शेवटी, ती पंधरा दिवस तशीच राहिली तरी कुणाचं अडत नाही. सहाला निघ. नवीन घरात पहिल्या संध्याकाळी माणसाला थोडा वेळ नुसतं भिंतींकडे बघत बसायचं असतं.

भाड्याच्या घरासाठी भिंतीवर लावायचं काहीही घेऊ नकोस. घरमालक खिळा ठोकू देत नाहीत, आणि अकरा महिन्यांनी ती वस्तू पुन्हा खोक्यात जाते. पडदेही नकोत. दर घराची खिडकी वेगळी, आधीचे पडदे पुढच्या घरात एक तर गुडघ्यापर्यंत येतात नाहीतर लादी पुसतात.

आता बदलापूर. तिला मिसळणाचा डबा दे, भरून. साधा, मध्यम आकाराचा, सात वाट्यांचा, जाड पत्र्याचा. काचेच्या झाकणाचा नको, तो दिसायला छान पण पहिल्याच महिन्यात ओट्यावरून पडतो. चारशेच्या आतबाहेर मिळेल. रिकामं भांडं कुणाच्या घरी नेऊ नये हे तुझ्या आईनंही तुला सांगितलं असेल. तर मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथीदाणे, धणे-जिऱ्याची पूड असं सहा वाट्यांत भर. सातव्या वाटीत तिच्या घरी चालतो तो मसाला. इथं जरा चौकशी लागेल. तिच्याकडे गोडा मसाला असेल, मालवणी असेल, कोल्हापूरकडची माणसं असतील तर कांदा-लसूण. चुकीचा मसाला घातलास तर ती वाटी वर्षभर तशीच राहील. सगळं पन्नास-पन्नास ग्रॅम पुरे, वाट्या काठोकाठ भरू नकोस, नाहीतर बदलापूर येईपर्यंत सातही जिन्नस एकमेकांत मिसळलेले असतील. तरी वाट्यांवर एक जाड कागद अंथरून मगच झाकण लाव. हिंग वेगळ्या घट्ट डबीत, नाहीतर हळदीलाही त्याचा वास लागतो. मीठ या डब्यात घालू नकोस, मिठानं स्टीलला टोचे पडतात. द्यायचंच असेल तर छोट्या चिनीमातीच्या बरणीत घाल आणि बरणी तिच्या हातात न देता ओट्यावर ठेव. हातावर मीठ दिलं की भांडण होतं म्हणतात. माझा विश्वास नाही, पण मीही ओट्यावरच ठेवते.

डबा घेताना दुकानदाराला नाव घालून द्यायला सांग. भांड्यांच्या जुन्या दुकानांत ते छोटं मशीन अजून असतं. कर्रर्र करत टिंबाटिंबांची अक्षरं उमटतात आणि बोटाला ती खरखरीत लागतात. बरेच दुकानदार भांडं त्यांच्याकडून घेतलं तर नाव फुकट घालतात, नाहीतर अक्षराला काही रुपये. आमच्या लहानपणी त्यावर देणाऱ्याचं अख्खं नाव, गाव, ‘यांजकडून सप्रेम भेट’ असं सगळं असायचं. तू तिचं नाव, खाली ‘बदलापूर’ आणि वास्तुशांतीची तारीख एवढंच घाल. आणि ते झाकणाच्या आतल्या बाजूला घालायला सांग. बाहेरून ते तारेच्या घासणीनं झिजतं, आतलं दर फोडणीला दिसतं. नाव घातलेला डबा पुढं दुसऱ्या कुणाच्या लग्नात देता येत नाही, हा आणखी एक फायदा.

हा डबा मात्र वास्तुशांतीच्या दिवशीच ने, पण हॉलमधल्या आहेराच्या ढिगात ठेवू नकोस. सरळ स्वयंपाकघरात जा आणि तिच्या हातात दे. दूध उतू घालवून झालेलं असेल, शेगडीच्या बाजूला जागा असेल.

याच्या जोडीला फुकटातली एक गोष्ट, पण तिला वेळ लागतो, म्हणून आजच सुरुवात कर. शेजारीपाजारी कुणाकडे गवती चहाचं ठोंब असेलच. त्यातल्या मुळं असलेल्या तीन-चार काड्या मागून घे, वरची पाती वीतभर ठेवून कापून टाक आणि घरातल्या एखाद्या जुन्या कुंडीत लाव. माती ओलसर राहील इतकंच पाणी, आणि ऊन. महिन्याभरात नवी पाती फुटतात. बदलापूरला तिची गॅलरी कुठल्या बाजूला आहे ते विचारून ठेव. दिवसातून चार-पाच तास ऊन येत असेल तरच ही कुंडी ने, अंधारी गॅलरी असेल तर त्याऐवजी बाटलीतल्या पाण्यात मनी प्लांटची काडी पुरे. नर्सरीतून ऐन वेळी उचललेलं दीडशे रुपयांचं फुललेलं रोप नको. ते फुलं आहेत तोवर छान दिसतं, पुढं पंधरा दिवसांत मान टाकतं आणि नव्या घरातलं पहिलं झाड गेलं म्हणून तिला उगाच रुखरुख लागते.

डबा साधारण चारशे, मसाले दीडशे, बादली आणि तिच्यातला ऐवज साडेचारशे. तुझ्या हजाराच्या आत किंवा फार तर काठावर बसतंय. मी आमच्याकडच्या बाजारातले भाव धरलेत, डोंबिवलीत भांड्याला थोडं इकडंतिकडं होईल. कमी पडलं तर बादलीतला टेस्टर काढून टाक, तेवढा मी देते.

कुंडी घेऊन लोकलनं जाणार असशील तर बदलापूर लोकल दुपारची पकड. संध्याकाळी लेडीजमध्ये स्वतःला उभं राहायला जागा नसते, आणि कुंडी वरच्या रॅकवर ठेवलीस तर खाली बसलेल्या बाईच्या डोक्यात माती. आदल्या दिवशी सकाळी पाणी घाल, निघताना घालू नकोस. नाहीतर कल्याण येईपर्यंत तुझ्या ठेवणीतल्या साडीवर चिखलाचं गोल उमटलेलं असेल.